तुळशी भरला, पण भातसाचे काय?

मुंबई महापालिका आपल्या सात तलावांच्या पाणीसाठ्याचा तक्ता रोज प्रसिद्ध करते. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी अशी नावे एकाखाली एक आणि पुढे आकड्यांचे रकाने: भरून वाहण्याची पातळी मीटरमध्ये, आजची पातळी, उपयुक्त साठा दशलक्ष लिटरमध्ये, टक्केवारी, पाऊस. पाणीखात्यातल्या अभियंत्यासाठी हा तक्ता उत्तम आहे. त्याला कोणता आकडा कुठे शोधायचा ते ठाऊक असते आणि तो कागद हातात धरून हवा तेवढा वेळ पाहू शकतो. आता हाच तक्ता ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याच्या एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा ग्रामसभेत प्रोजेक्टरवर दाखवायचा आहे असे समजा. बहुतेक जण तो जसाच्या तसा उचलून स्लाइडवर चिकटवतील, वर 'तलावांची सद्यस्थिती' असे लिहितील आणि वरून खाली वाचत जातील. मागे बसलेल्याला आकडे दिसणार नाहीत. ज्याला दिसतील त्याची फसगत होण्याचा संभव आहे. अप्पर वैतरणेसमोर ६०३.५१ मीटर आणि तानसासमोर १२८.६३ मीटर वाचले की अप्पर वैतरणा तानसाच्या पाचपट खोल असावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती खोली नव्हेच. एका ठरावीक आधारपातळीपासून मोजलेली ती पाण्याच्या पृष्ठभागाची उंची आहे, आणि अप्पर वैतरणा घाटमाथ्यावर, नाशिक जिल्ह्यात असल्यामुळे तो आकडा मोठा दिसतो.

या तक्त्यात एक मोठी गोष्ट लपलेली आहे, पण वाचून दाखवल्याने ती बाहेर येत नाही. साती तलाव काठोकाठ भरले तर महापालिकेच्या हिशेबाने साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचे ७,१७,०३७, म्हणजे जवळजवळ निम्मे. तानसाचे १,४५,०८०, म्हणजे दहा टक्के. विहारचे २७,६९८ आणि तुळशीचे ८,०४६. हे दोन्ही मिळून अडीच टक्केसुद्धा होत नाहीत. तरी पावसाळ्यात 'तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला' ही बातमी ठळक छापून येते आणि वाचणाऱ्याला हायसे वाटते. तक्त्यात साती तलावांना सारख्याच उंचीची एकेक ओळ मिळालेली असते. तुळशीची ओळ भातसाच्या ओळीइतकीच ठसठशीत दिसते, आणि शंभर टक्के म्हटले की ते कशाचे शंभर टक्के हे विचारायचे राहून जाते. भातसा तुळशीच्या जवळपास नव्वदपट आहे हे तोंडाने सांगितले तर माणूस मान डोलावतो आणि विसरतो. एका लांब पट्टीखाली नखाएवढी पट्टी पाहिली की पुन्हा सांगावे लागत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे तक्ता मोडून त्याच्या आडव्या पट्ट्या करणे. पातळीचे दोन्ही रकाने काढून टाकायचे. सरकारी क्रम सोडून तलाव मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचे. प्रत्येक पट्टीलगत तलावाचे नाव आणि साठा लिहायचा, म्हणजे कोपऱ्यात रंगांची सूची देऊन बघणाऱ्याचे डोळे पट्टीवरून सूचीकडे आणि सूचीवरून पट्टीकडे पळवावे लागत नाहीत. नंतर रंग. शहापुरातल्या श्रोत्यांसाठी भातसा आणि तानसा गडद निळे, बाकीचे पाच फिके राखाडी, कारण ही दोन धरणे त्यांच्या तालुक्यात आहेत. दोन्हींची बेरीज येते ८,६२,११७, म्हणजे एकूण क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आसपास. मथळ्यात 'सद्यस्थिती' न लिहिता पूर्ण वाक्य लिहायचे: 'मुंबईच्या साठवणक्षमतेतला साठ टक्के वाटा शहापूर तालुक्यातल्या दोन धरणांचा'. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात आणि 'धरण उशाला, कोरड घशाला' हे वाक्य इथे जुने झाले आहे. ते लोकांना शिकवावे लागत नाही. पट्ट्यांची स्लाइड त्या तक्रारीला मोजमाप देते, आणि पुढची मागणी ज्यांच्यापुढे मांडायची ते तिला सहजासहजी झटकू शकत नाहीत. हीच माहिती मुंबईतल्या वर्गात दाखवायची असेल तर मथळा बदलेल, रंगही बदलतील. तिथला प्रश्न पाणी किती दिवस पुरेल हा असतो, आणि रोजच्या सुमारे चार हजार दशलक्ष लिटर पुरवठ्याशी साठ्याची तुलना करावी लागते. माहिती एकच असली तरी समोरचा माणूस आणि त्याचा प्रश्न ठरल्याशिवाय स्लाइड करायला बसूच नये.

या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच: जे बोलून सांगता येते ते पडद्यावर लिहू नये, आणि पडद्यावर ठेवावे ते बोलून दाखवता न येणारे. आकारमान, जागा, फरक, चेहरा, नकाशा, आधी आणि नंतर या गोष्टी तोंडाने सांगताना पातळ होतात. कारण, क्रम, शंका, विनोद आणि आर्जव या गोष्टी तोंडानेच उतरतात. पॉवरपॉइंट घ्या, गुगल स्लाइड्स घ्या, लिब्रेऑफिसचे इम्प्रेस घ्या नाहीतर कॅनव्हा, साधन कोणतेही असले तरी ही वाटणी त्याला करता येत नाही. ती करणाऱ्यालाच करावी लागते.

ठाणे जिल्ह्याला ही वाटणी नवी नाही. तानसाचे पाणी मुंबईला मिळू लागले ते १८९२ साली. त्याच सुमारास शहापूरपासून जवळच, कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची आणि शेजारी उभे राहून रामायण-महाभारतातल्या कथा संवाद आणि संगीतासह सांगायच्या, असा तो प्रकार. पडद्यावर हनुमान असायचा; 'हनुमानाची पाच वैशिष्ट्ये' नसायची. कथा सांगणाऱ्याच्या तोंडी होती आणि चित्राने तोंडी सांगता न येणारे काम उचलले होते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची परंपरा तर याहून बरीच जुनी. कागदावरची चित्रे एकामागून एक समोर धरत, वाद्यांच्या साथीने गात कथा पुढे न्यायची. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. हे सगळे मनोरंजन होते, कार्यालयीन कामाशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा की चित्र आणि बोलणे एकाच वेळी चालू असताना माणसाचे लक्ष कसे टिकते, याचा तो शेकडो प्रयोगांचा अनुभव होता. श्रोत्याने तिकीट काढलेले असेल तर तो कंटाळल्यावर उठून जातो. कार्यालयातला श्रोता उठू शकत नाही, म्हणून आपल्या स्लाइड कशा आहेत हे आपल्याला कळतच नाही.

गाडी रुळावरून घसरली ती साच्यांमुळे. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. पुढे कोट्यवधी लोकांची सवय एका रिकाम्या चौकटीने घडवली: वर मथळ्याची जागा, खाली ठिपके लावलेल्या ओळींची जागा. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो. आपल्या बोलण्याची टिपणेच त्या ठिपक्यांमागे जाऊन बसली आणि ती श्रोत्यांना वाचून दाखवणे म्हणजे सादरीकरण, अशी समजूत झाली. याने नुकसान होते हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाशात वीज कशी तयार होते हे समजावणारे चलच्चित्र विद्यार्थ्यांच्या एका गटाला फक्त निवेदनासह दाखवले, तर दुसऱ्याला निवेदनासोबत तोच मजकूर पडद्यावर लिहून दाखवला. समजलेले नव्या प्रश्नाला लावून पाहण्यात मजकूर न पाहिलेला गट सरस ठरला. कारण सरळ आहे. डोळ्यांना एका वेळी एकाच ठिकाणी पाहता येते. ते अक्षरांवर गेले की चित्र सुटते, आणि वाचण्याचा वेग बोलण्याच्या वेगाशी जुळत नसल्यामुळे माणूस ना धड ऐकतो ना धड वाचतो.

शब्दांच्या गर्दीत महत्त्वाची गोष्ट कशी गाडली जाते याचा सर्वांत जड दाखला कोलंबिया यानाचा आहे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवरून नासाला सांगितला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. खाली ठिपक्यांच्या आत ठिपके, त्यांच्या आत आणखी ओळी, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात एक तुलना: चाचण्यांमध्ये वापरलेला तुकडा ३ घनइंच, प्रत्यक्ष आदळलेल्याचा अंदाज १,९२० घनइंच. म्हणजे ज्या चाचण्यांच्या भरवशावर मथळा उभा होता, त्या सहाशे चाळीसपट लहान तुकड्यावर झाल्या होत्या. १ फेब्रुवारीला यान परतताना फुटले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर बोट ठेवले आणि माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेली त्या स्लाइडची चिरफाडही त्यात घेतली. अपघात पॉवरपॉइंटने घडवला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पंखाला भोक फेसाने पाडले, आणि नासातल्या निर्णयांची साखळी त्या एका स्लाइडपेक्षा लांब होती. मात्र दोन तुकडे त्यांच्या खऱ्या प्रमाणात शेजारीशेजारी काढले असते, तर तो मथळा लिहिण्याचे धाडस कोणाला झाले नसते.

ग्रामीण ठाण्यात पडद्यावरच्या अक्षरांचा हा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन तिथे अक्षरे गिरवायला लागल्या, आणि या शाळेचे कौतुक दूरवर पोचले. त्या कौतुकात एक गोष्ट अध्याहृत राहते. त्या पिढीतल्या असंख्य बायकांच्या वाट्याला अक्षर आलेच नव्हते. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्तीचे अधिकार दिले आहेत, आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडाही ग्रामसभेसमोर ठेवावा लागतो. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरांतल्या ज्या आजी त्या सभेला बसतात, त्यांच्यापुढे आराखड्याचे बारा मुद्दे भिंतीवर चमकवणे म्हणजे त्यांना सभेत बसवून सभेबाहेर ठेवणे. गावाचा नकाशा, त्यावर कोणत्या पाड्याला नळ आहे आणि कोणत्या पाड्याला नाही एवढे दोन रंग, आणि शेजारी उभे राहून त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस असेल तर त्या आजी प्रश्न विचारतील. वीज गेली तर हाच नकाशा रांगोळीने आणि खड्यांनी अंगणात काढता येतो. पाणलोटाची कामे करणाऱ्यांनी गावोगाव तसे केले आहे, आणि कित्येकदा तो प्रोजेक्टरपेक्षा सरस ठरतो, कारण चुकलेली विहीर गावकरी स्वतः उचलून बरोबर जागी ठेवतात.

शहापूर तालुक्यातल्याच पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने पडद्याची दुसरी बाजू दाखवली. संदीप गुंड यांच्यासारख्या शिक्षकाच्या खटपटीतून ती डिजिटल शाळा म्हणून नावारूपाला आली. पुढे २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात गावोगाव लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, टॅब्लेट आणि पडदे घेतले गेले. या शाळेचे नाव उपकरणांमुळे झाले असे समजून नुसती उपकरणे घेणारी शाळा निम्मेच घेते. आदिवासी पाड्यावरच्या मुलाला समुद्राची भरती किंवा हृदयाचे ठोके हलत्या चित्रात दाखवणे ही पडद्याचीच कामगिरी आहे. तिथे खडू अपुरा पडतो. पाठ्यपुस्तकाचे पान मोठे करून भिंतीवर पाडले आणि मुलांकडून एका सुरात वाचून घेतले तर वर्गणीचे पैसे फुकट गेले असे मी म्हणेन. ते पान मुलांच्या दप्तरात होतेच.

यावर पहिला आक्षेप कार्यालयातून येतो, आणि तो रास्त आहे. बैठक संपल्यावर 'पीपीटी पाठवा' असा निरोप येतो. बैठकीला न आलेला अधिकारी ती व्हॉट्सॲपवर उघडतो, आणि नुसत्या सात पट्ट्या पाहून त्याला काय कळणार? काहीच नाही, हे मान्य. पण यातून निघते ते एवढेच की कामे दोन आहेत. एक पडद्यासाठी आणि एक वाचण्यासाठी. वाचण्याचा कागद दोन पानांचा असावा, पूर्ण वाक्यांत लिहिलेला, सगळे आकडे आणि मूळ तक्ता जोडलेला. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड काढून टाकल्या आणि सहा पानांचे सलग लिखाण मागायला सुरुवात केली. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. आपल्याकडे इतके टोक गाठण्याची गरज नाही. दोन्ही कामे एकाच फाइलकडून करून घेण्याचा हट्ट सोडला तरी पुरे. वरून ठरवून दिलेला नमुना भरावाच लागत असेल तर भरावा, आणि तो शेवटी परिशिष्ट म्हणून लावावा. त्या नमुन्यातही मथळ्याच्या जागी पूर्ण वाक्य लिहायला कोणी हरकत घेत नाही.

दुसरा आक्षेप नवख्या वक्त्याचा: समोर मुद्दे नसले तर विसरायला होते. मग मुद्दे स्वतःसमोर असावेत, श्रोत्यांसमोर नव्हे. पॉवरपॉइंटमध्ये प्रेझेंटर व्ह्यू आणि इम्प्रेसमध्ये प्रेझेंटर कन्सोल यासाठीच आहे. टिपणे लॅपटॉपवर दिसतात, पडद्यावर फक्त स्लाइड जाते. तेही नको असेल तर खिशातला कागद चालतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याला कमी ऐकू येते, किंवा ज्याच्या घरी प्रमाण मराठी बोलली जात नाही, त्याला लिहिलेला मजकूर आधार देतो. इथे माझ्या म्हणण्याला मुरड घातली पाहिजे. नवा शब्द, माणसाचे नाव, योजनेचे नाव, रक्कम, तारीख हे पडद्यावर असावेच. दोन-तीन शब्दांची लेबले चित्रालगत ठेवली तर त्रास तर होत नाहीच, उलट आठवायला मदत होते, असे मेयर यांच्याच नंतरच्या प्रयोगात दिसले. विरोध परिच्छेदाला आहे, शब्दाला नाही. चौथा आक्षेप असा की चित्र तक्त्यापेक्षा सफाईने खोटे बोलते. खरे आहे. पट्टीची सुरुवात शून्यापासून न करता मधूनच केली की किंचित फरक डोंगराएवढा दिसतो. त्रिमितीतला वर्तुळालेख पुढची फोड उगाच मोठी करतो. म्हणून पट्टी शून्यापासूनच सुरू करावी, आकडा पट्टीवरच लिहावा, आणि क्षमता दाखवतो आहोत की आजचा साठा हे मथळ्यात सांगावे. वरच्या उदाहरणातली साठ टक्के ही क्षमता आहे. मे महिन्यात कोणी तो आकडा साठा म्हणून वापरला तर त्याला तिथेच अडवावे.

राहिली मराठीची स्वतःची दुखणी, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक खुणा दिसतात. म्हणून युनिकोडमध्येच टंकन करावे. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' हे फाँट फुकट मिळतात आणि लांबूनही स्वच्छ वाचता येतात. देवनागरीला वर वेलांटी-रफारासाठी आणि खाली उकार-ऋकारासाठी जागा लागते. तयार इंग्रजी साच्यांत ओळींमधले अंतर कित्येकदा एकपटीहूनही कमी असते. ते सव्वापट तरी करावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. जाड ठशात 'ध', 'घ', 'क्ष' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते, म्हणून ठळकपणा मथळ्यापुरताच ठेवावा. मजकूर मावत नाही म्हणून प्रोग्राम आपोआप अक्षरे बारीक करतो. ती सोय बंद करावी. मावत नसेल तर एक ओळ कमी करावी. कडेने वारली नक्षीची झालर लावण्याचा मोह या जिल्ह्यात फार जणांना होतो, आणि तिथेही तेच: ती नक्षी काही सांगत नसेल तर ती वारली चित्रकारांचाही मान राखत नाही.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे संगणकावर देखणी दिसतात. पत्र्याच्या सभागृहात, जिथे दारे-खिडक्या बंद करता येत नाहीत, तिथे सकाळी अकरा वाजता प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी होतो आणि सगळे धूसर होते. उजेडाच्या जागी पांढऱ्यावर गडद अक्षरेच वाचता येतात. स्लाइड तयार झाली की ती पडद्यावर पाडून शेवटच्या रांगेतून सर्वांत लहान अक्षर वाचून पाहावे. बोलताना चित्राचे काम संपले की पॉवरपॉइंट, इम्प्रेस किंवा गुगल स्लाइड्समध्ये कीबोर्डवरचे बी हे बटण दाबावे. पडदा काळा होतो, माना बोलणाऱ्याकडे वळतात, आणि तेच बटण पुन्हा दाबले की स्लाइड परत येते. फाइलची एक प्रत पीडीएफमध्ये पेनड्राइव्हवर असावी, म्हणजे दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फाँट असो वा नसो, सात पट्ट्या जशाच्या तशा उघडतील. मूळ तक्त्याच्या झेरॉक्स मात्र सभा संपल्यावर, ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना आधी द्याव्यात.